बादल उजवा, पवळ्या डावा

दसऱ्याच्या सकाळी पंजाबराव घरालगतच्या मळ्यात मेथी उपटत बसले होते, आणि रस्त्यावरून त्यांची बुलेट आली.

आता यात गोम अशी, की त्यांची बुलेट यंदाच्या उन्हाळ्यातच वारली होती. वारली म्हणजे वारलीच. पंचेचाळीस वर्षं गावातल्या रस्त्यांचे धक्के खाऊन शेवटी इंजिनाला आतून तडा गेला. मालेगावच्या मिस्तरीनं हात पुसत पुसत सांगितलं, "आबा, आता हिले त्रास देऊ नका." तेव्हापासून ती गोठ्यात, जिथं पूर्वी बैल बांधत तिथं, गोणपाट पांघरून उभी होती. मग हा धडधडाट कुणाचा? एकोणसत्तर वर्षांचे पंजाबराव, गुडघे जरा कुरकुरे, पण त्या आवाजासरशी मेथीची जुडी हातात धरून सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, दोन वाफे तुडवत बांधावर आले. स्वतःच पेरलेला सांबार! एरवी दुसऱ्या कुणाचा पाय पडला असता तर त्यांनी गाव डोक्यावर घेतलं असतं.

गाडीवर त्यांची नात बसली होती. रुचिका, मुलाची थोरली पोरगी. मानोऱ्याकडं कृषी सहायक म्हणून लागून तिला दोन वर्षं झाली होती आणि तांड्यातांड्यांवर फिरायला तिनं स्वतःच्या पगारातून गाडी घेतली होती. गाडी नवीकोरी, पण रूप थेट जुन्याचं. काळी टाकी, तिच्यावर सोनेरी रेघ, गोल दिवा, सीटखाली जाड स्प्रिंगा. हल्ली कारखान्यांनाच जुन्याचं वेड लागलंय, त्याला पंजाबराव काय करणार!

ते गाडीभोवती एक फेरा मारून आले. मग दुसरा मारला. बैलबाजारात दात बघावेत तसं त्यांनी वाकून वाकून सगळं बघितलं.

"किक कुठी हाय?"

"किक नाही आबा. बटन हाय."

"बटन?" पंजाबराव सरळ उभे राहिले. "बटनानं मिक्सर चालू होते. बुलेट नाही."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्यांची बुलेट चालू करणं हा एक विधी होता. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, मग किक हळूहळू दाबत मीटरचा काटा बरोबर मध्यावर आणायचा, मग हँडलखालची छोटी कळ दाबायची, धोतराचा सोगा खोचायचा आणि एकच लाथ. शेजारपाजारचे लाथा मोजत. एकीत सुरू झाली तर आबा खुशीत, पाच झाल्या तर आज आबांच्या वाटेला जायचं नाही. असं सगळं गाव त्या किकेवर चालत असताना आता बटन!

"नकली हाय," पंजाबरावांनी निकाल दिला आणि मेथीकडं परत निघाले.

पण पाठीमागून त्यांची बायको तुळसाबाई आरतीचं ताट घेऊन आल्याच. त्यांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूचा हार घातला, चाकांखाली दोन लिंबं ठेवली. रुचिकानं गाडी पुढं घेतली, लिंबं फुटली, आणि तुळसाबाई ताट ओट्यावर ठेवून, नऊवारीचा काष्टा सावरून, दोन्हीकडं पाय टाकून मागं बसल्या. पंचेचाळीस वर्षं ही बाई नवऱ्याच्या मागं एका अंगानं बसत आली होती!

दोघी गावाबाहेर जाऊन अर्ध्या तासानं आल्या. तुळसाबाईंचा पदर खांद्यावर, अंबाडा सुटलेला, आणि तोंडावर असं हसू की पंजाबरावांनी मान फिरवली.

"अवो," त्या उतरता उतरता म्हणाल्या, "हे तर आपल्या जुनीपेक्षा बरी हाय. आवाज तोच, पन कंबर दुखत नाही. यंदा भाऊबीजेले म्या रुचिकाच्या मागंच जातो मेडशीले. तुमी या एसटीनं."

पंजाबरावांच्या हातातली मेथी खाली पडली.

मेडशी म्हणजे तुळसाबाईंचं माहेर. लग्न झाल्यापासून दर भाऊबीजेला पंजाबराव पुढं आणि तुळसाबाई मागं, मालेगाववरून मेडशी. एकही वर्ष चुकलं नव्हतं. ताप असो, गुडघा असो, पुढची सीट त्यांची. ती गेली तर मग राहिलं काय? एसटीच्या खिडकीत पिशवी मांडीवर घेऊन बसायचं आणि बायको गाडीवरून ओलांडून जाताना बघायची?

आणि त्याहून खोल एक काटा होता. तो त्यांनी कुणाला दाखवला नव्हता.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी ते मेडशीला मुलगी बघायला गेले, तेव्हा बुलेट घरी येऊन दोनच दिवस झाले होते. वडलांनी ती अकोल्याच्या एका रिटायर जमादाराकडून आणली होती. पंजाबराव शिकले होते मित्राच्या येझदीवर. तिचा गेअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्याला. बुलेटचं त्या काळी नेमकं उलट. सासऱ्यांच्या अंगणात झोकात शिरताना त्यांनी ब्रेक म्हणून उजवा पाय दाबला, ब्रेक काही लागला नाही, आणि स्वारी गाडीसकट कडब्याच्या गंजीत. नशीब असं, की सगळी मंडळी घरात पोह्यांच्या गडबडीत होती. बघायला फक्त खुंटावरचं एक वासरू. पंजाबरावांनी गाडी बाहेर ओढली, कपडे झटकले आणि जणू काही झालंच नाही असं दारात जाऊन रामराम घातला.

मुलीनं होकार दिला. आणि लग्नातच तिच्या भावानं, रामकिसननं, सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आमच्या तुळसाक्कानं नवरा नाही, बुलेट पसंत केली!" सगळे हसले. पंजाबरावही हसले. पण ते वाक्य आत जाऊन बसलं ते बसलंच. आता जुनी बुलेट गोठ्यात, नवी नातीची, आणि बायको नव्या बुलेटवर खूश. मग रामकिसनचंच खरं की!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रुचिकासमोर उभे राहिले.

"चाबी दे. भाऊबीजेले तुह्या आजीले म्याच नेईन."

रुचिका हुशार पोरगी. ती म्हणाली, "देतो. पन हिचे पाय उलटे हायेत, आबा. डावा पाय गेअर, उजवा ब्रेक. आता सगळ्याच गाड्यांचं तसं असते."

"मले कायले शिकवून राह्यली? तुह्या बापाचा जन्म व्हायच्या आधीपासून म्या..."

एवढं बोलून त्यांनी बटण दाबलं, गाडी सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या वावरात घातली, आणि दुसरा गेअर टाकायला उजवा पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. पंजाबराव थांबले नाहीत. ते टाकीवर छाती आपटून हँडलवर लोंबकळले. पुन्हा निघाले. बांध आला, ब्रेक मारायला डावा पाय दाबला, तर खालचा गेअर पडून गाडी गुरगुरत बांधावर चढली आणि पलीकडच्या वांग्यांत उतरली. हातातला ब्रेक होता, पण त्याची त्यांना सवयच नव्हती. जुन्या गाडीच्या पुढच्या ब्रेकची तार वीस वर्षांपूर्वी तुटली, तेव्हापासून त्यांनी ती बसवलीच नव्हती. पायावर भागत होतं ना!

रुचिका धावत आली. वांगी दहा-बारा गेली, आबा शाबूत होते.

असं चार दिवस चाललं. डोक्याला सगळं समजत होतं. डोकं म्हणे उजवा, तोवर डावा दाबून मोकळा. पंजाबराव पायांना शिव्या घालत. रात्री तुळसाबाईंनी गुडघ्याला तेल लावायला घेतलं की ते तोंड भिंतीकडं करत. "म्या येतो वो एसटीनं तुमच्यासंगं," असंही त्या एकदा म्हणाल्या, त्यावर ते जेवलेच नाहीत. कीव नको होती त्यांना, सीट हवी होती.

पाचव्या दिवशी सकाळी ते गोठ्यात जुन्या गाडीवरचं गोणपाट झटकत होते. समोर भिंतीवर बैलांच्या घुंगुरमाळा टांगलेल्या. बादल आणि पवळ्या, त्यांची शेवटची जोडी, जाऊन सात वर्षं झाली होती. आणि पंजाबरावांच्या डोक्यात उजेड पडला.

बैलाचं कसं असतं, की तो ज्या अंगाला वाढला त्या अंगालाच चालतो. उजव्या अंगाचा बैल डावीकडं जुंपला तर तो अडून बसतो, जू टाकतो, सोबत्याला शिंग मारतो. त्याला शिव्या देऊन काही होत नाही. पवळ्या एकदा पायाला लागलं म्हणून अंग बदलून जुंपावा लागला होता, तेव्हा पंजाबरावांनीच त्याला शिकवलं होतं. रिकाम्या वावरात, रिकामं वखर, कासरा सैल. आणि एकच गोष्ट. नाव घेतल्याशिवाय काम सांगायचं नाही. नाव ऐकलं की जनावर कान टवकारतं. कान टवकारले की ऐकतं. आठवड्यात पवळ्या सुधारला होता.

"माहे पाय बैल हायेत," पंजाबराव गोठ्यात मोठ्यानं म्हणाले, "अन् म्या त्याईले नाव घेतल्याबिगर जुंपून राह्यलो!"

झालं. त्या दिवसापासून उजवा पाय बादल. बादल थंड डोक्याचा, एका हाकेत थांबणारा, म्हणून ब्रेक त्याच्याकडं. डावा पाय पवळ्या. पवळ्या उतावळा, सदा पुढं ओढणारा, त्याच्याकडं गेअर. पहाटे वावरातून हाका ऐकू यायला लागल्या. "चाल पवळ्या! अजून एक, पवळ्या! आता हो, बादल, होऽऽ!" आणि खरंच की काय, पाय ऐकायला लागले!

शेजारचा धरमसिंग ट्रॅक्टर घेऊन बांधावरून जात होता. त्यानं ते ऐकलं आणि थेट तुळसाबाईंकडं आला. चेहरा उतरलेला.

"काकू, आबाचं ठीक हाय ना? बैल जाऊन सात वर्सं झाले, अन् आबा वावरात त्याईले आवाज देऊन राह्यले."

"देऊ दे बापा," तुळसाबाई पोळी उलटत म्हणाल्या. "ऐकून राह्यले ना बैल?"

धरमसिंग आणखीच घाबरून गेला.

दिवाळी आली तोवर पंजाबरावांना आणखी एक गोष्ट झाली होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. एका सकाळी वावर सोडून ते शेलूबाजाराच्या अंगाला मोकळ्या रस्त्यावर गेले. दोन्हीकडं तुरी फुलावर आलेल्या. त्यांनी मूठ हलकीच धरली आणि गाडी अगदी संथ सोडली. धड, धड, धड. मांडीत, छातीत, कवळीतसुद्धा तोच ठोका! जुनी गाडी अशीच चालायची, संध्याकाळी बाजारातून रिकामे क्रेट घेऊन परतताना, घाई नसताना. कारखान्यातल्या कुण्या पोरानं हा ठोका धरायला किती कान लावले असतील! पंजाबरावांनी इकडंतिकडं बघितलं, कुणी नव्हतं. मग त्यांनी टाकीवर थाप मारली आणि मोठ्यांदा म्हणाले, "नकली नाहीस व तू. नात हायेस तिची." आणि एकटेच खदाखदा हसत सुटले.

पाडव्याला परीक्षा झाली. गावाला तीन फेऱ्या, एकदाही पाय चुकायला नको. रुचिका ओट्यावर उभी, गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. पंजाबराव "हो बादल", "चाल पवळ्या" करत तीन फेऱ्या मारून दाराशी अस्से येऊन थांबले की चाकाखालची रांगोळीही मोडली नाही. धरमसिंगला आत्ता उलगडा झाला आणि त्यानं सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

"ठीक हाय," रुचिका म्हणाली. "जाताना तुमी. म्या एसटीनं पुढं जातो. पन मेडशीपर्यंत एक जरी चूक झाली, तर येताना आजी माह्या मागं अन् तुमी एसटीत. कबूल?"

"कबूल."

"अन् हेल्मेट."

भाऊबीजेला तुळसाबाई पदरावर हेल्मेट घालून निघाल्या, आणि गावातल्या लेकरांनी त्यांना सीमेपर्यंत पोचवलं. नवी सीट, हिरवी नऊवारी, हातात करंज्यांचा डबा. मालेगावच्या चौकात पंजाबरावांनी बादलला दोनदा हाक मारली, पोलिसानं वळून बघितलं. पुढं घाटवळणाला पवळ्यानं एकदाही कुरकुर केली नाही. तुळसाबाईंनी मागून खांदा दाबला आणि ओरडून विचारलं, "अवो, त्या दोघाईले पानी पाजाचं का?" पंजाबराव एवढे हसले की गाडी हलली.

मेडशीत शिरताना मात्र ते फुलले. पार ओळखीचा, गल्ली ओळखीची. रामकिसनचं दार दिसलं. दारात रामकिसन, त्याची सुना-लेकरं, आणि एसटीनं आधीच पोचलेली रुचिका. ही गर्दी बघून पंजाबरावांची छाती वर आली. नुसतं जाऊन थांबायचं? छे! एक झोकदार वळण घेऊन बरोब्बर रामकिसनच्या पायाशी गाडी लावायची, आणि मग बघू कोण म्हणतं बुलेट पसंत केली न् काय. त्यांनी मूठ पिळली. गाडी अंगणात वळली. रामकिसन ओरडला, "आले रे भाऊजी!"

आणि त्या आनंदात पंजाबराव बैलांची नावं घ्यायची विसरले.

पंचेचाळीस वर्षांची सवय उठून बसली. डावा पाय दाबला गेला. ब्रेक नाही, गेअर पडला, गाडी गुरगुरली, रामकिसन बाजूला उडाला, आणि आबा, आजी, करंज्या आणि गाडी असे सगळे मिळून अंगणातल्या सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगात गेले. भुसा असा उडाला की क्षणभर कुणाला काही दिसेना.

कुटार मऊ. गाडीला ओरखडा नाही, माणसांना खरचटलं नाही. पण पंजाबराव मानेपर्यंत भुशात उभे होते, मिशांत कुटार, हेल्मेटात कुटार, आणि त्यांना वर बघवेना. समोर रुचिका. ती पळत आली होती, दोघांना चाचपून झालं, कुणाला काही लागलं नाही म्हटल्यावर तिनं ओठ दाबून हात पुढं केला. पैज म्हणजे पैज. पंजाबरावांनी चावी काढली. पंचेचाळीस वर्षं संपली, असं त्यांना वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी भुशावर ढकललं.

तेवढ्यात मागून हसू फुटलं. तुळसाबाई ढिगात पाय पसरून बसल्या होत्या. हेल्मेटच्या आत त्या हसत होत्या, पोट धरून, श्वास घेता येईना इतकं.

"तसंच," त्या कशाबशा म्हणाल्या. "बिलकूल तसंच! गंजी तेवढी कडब्याची होती."

पंजाबरावांचा हात चावीसकट हवेत राहिला. "तुले... तुले कोनं सांगतलं?"

"कोनं सांगाले पाह्यजे? म्या खिडकीत होतो. नवरदेव पाह्याले उभी होतो. तुमी सिद्दे गंजीत. मंग डोक्यावर कडबा घेऊन निंगाले, अन् खुंट्यावरच्या वासराले हात जोडून म्हनाले, बापा, कोनाले सांगजो नको." त्यांनी डोळे पुसले. "म्या तवाच मायले सांगतलं. वासराले हात जोडते थो मानूस मले चालते."

मग रामकिसन हळूच म्हणाला, "मंग अक्का, बुलेट?"

"बुलेट कायची?" तुळसाबाई म्हणाल्या. "कडब्यात बुडेल होती ते. मले दिसली कुठी!"

पंजाबराव उभे होते तसे कुटारात बसले. पंचेचाळीस वर्षं ते एका गाडीशी स्पर्धा करत होते, आणि गाडी शर्यतीत नव्हतीच. त्यांना हसावं की रडावं कळेना, तेव्हा त्यांनी दोन्ही केलं. रामकिसननं हात धरून त्यांना उठवलं, कपडे झटकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला चेष्टा सुचली नाही.

ओवाळणं झालं, पुरणपोळी झाली, दुपार कलली. निघायच्या वेळी रुचिकानं पुन्हा हात पुढं केला. पंजाबरावांनी चावी पुढं केली. पण ती रुचिकाच्या हातात पडायच्या आधीच तुळसाबाईंनी मधूनच उचलली आणि नवऱ्याच्या तळव्यावर ठेवली.

"आजी! पैज लागेल होती."

"तुमची दोघाईची लागेल होती. मले कोनं इचारलं?" तुळसाबाईंनी हेल्मेट चढवलं. "तुले एसटी हाय पाच वाजताची. करंज्या सांडल्या, पन अनारसे देतो वाटेत खायाले."

त्या मागं बसल्या, दोन्हीकडं पाय टाकून, आणि एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. पंजाबरावांनी बटण दाबलं. गाडी धडधडली. अंगणाच्या तोंडाशी गल्लीतली एक शेळी आडवी आली, आणि पंजाबरावांनी तोंड उघडण्याआधीच मागून खणखणीत हाक आली.

"हो बादल, होऽऽ!"

उजवा पाय दाबला गेला आणि गाडी जागेवर थांबली. शेळी निघून गेल्यावर तुळसाबाईंनी पवळ्याला हाक दिली, आणि दोघं घराकडं निघाले.